उदगीरला आमची शाखा नाही

पहिली पेटी इस्माईलभाईंनी पहारीनं उघडली, तेव्हा गोदामात जयहिंद ब्रास बँडची अकरा माणसं गणवेश घालून उभी होती. लाल कोट, पिवळ्या दोऱ्या, टोपीला तुरा. माल सोडवायला खरं तर एक माणूस पुरतो. पण बाजांचा नवा सेट थेट मेरठहून आला होता. बँडच्या गुंडाजी मास्तरांनी ठरवलं होतं, नवे बाजे इथंच हातात घ्यायचे आणि मोंढ्यापासून वाजवत घरी न्यायचे.

इस्माईलभाईंनी वरचा पेंढा काढला. खाली ट्रंपेट होता आणि तो चपटा झाला होता. दुसऱ्या पेटीत मोठा बेस होता, त्याचं तोंड दुमडून करंजीसारखं झालेलं. चारही पेट्यांत एक बाजा धड नव्हता. वाटेत कुठंतरी कुणीतरी या पेट्यांवर लोखंडी सळया लादल्या होत्या. लाकडावर त्यांचे गंजके वळ स्पष्ट दिसत होते.

गुंडाजी मास्तरांनी ट्रंपेट तोंडाला लावून फुंकला. रेडकू ओरडावं तसा आवाज निघाला. मागचा एकजण हसला, मग मास्तरही हसले, आणि हसता हसता पेटीच्या काठावर बसले. पुढच्या आठवड्यात तुळशीचं लग्न होतं, त्यानंतर लग्नसराई. अकरांपैकी एकानंही आरडाओरडा केला नाही. तेच मला जास्त लागलं.

"अक्का, सही कुठं करू?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, थांबा. डिलिव्हरीच्या पावतीवर आधी मी माझ्या हातानं लिहिलं : चारही पेट्या चेपलेल्या, आतील सर्व माल निकामी. मग त्यांची सही घेतली.

ही १९९६ सालची गोष्ट. मी रत्नप्रभा निडवंचे, तेव्हा सत्तावीस वर्षांची. वायुरथ कॅरिअर्स या ट्रान्सपोर्ट कंपनीचं उदगीरचं ऑफिस मी एकटी चालवत होते. आधी ते माझे वडील चालवायचे. अप्पांना कंपनीनं १९७१ साली लातूरहून इथं पाठवलं होतं. ते गेले तेव्हा कंपनीच्या हैदराबाद ऑफिसातून प्रसादराव साहेब आले, आईला भेटले आणि मला म्हणाले, दुसरा माणूस मिळेपर्यंत तू बघ. दुसरा माणूस कुणी शोधलाच नाही. पत्र्याचं गोदाम, एक वजनकाटा, एक फोन, इस्माईलभाई हमाल आणि मी. पाच वर्षं झाली होती. नेमणुकीचं पत्र मागितलं की हैदराबादहून उत्तर यायचं, बघू.

कंपनीनं मास्तरांची तक्रार उडवून लावली. मग ते देवणीकर वकिलांकडे गेले. देवणीकर म्हणजे आमच्या तालुक्याच्या कोर्टातले शांत, जाडजूड गृहस्थ. त्यांनी उदगीरच्या दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाईचा दावा लावला. कंपनीचं उत्तर आलं त्यात बाजांबद्दल एक अक्षर नव्हतं. माल चेपला की नाही, सळया कुणी लादल्या, काहीच नाही. कंपनीचं म्हणणं एवढंच की हा दावा उदगीरला चालूच शकत नाही. माल पाठवताना जी बिल्टी, म्हणजे मालाची पावती मिळते, तिच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं : सर्व वाद फक्त मद्रासच्या न्यायालयात. कंपनीचं मुख्य ऑफिस तिथं. भांडायचं असेल तर मद्रासला या.

गुंडाजी मास्तर ऑफिसात आले आणि मद्रासला जायला किती दिवस लागतात ते त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं. मग विचारलं, तिथं कोणती भाषा बोलतात. तेही सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे मी तिथं रडलो तरी कुणाला कळायचं नाही."

देवणीकरांना मात्र कायद्यात एक वाट दिसत होती. त्यांनी मला साध्या शब्दांत समजावलं. ज्या गावात कंपनीची शाखा आहे आणि जिथं नुकसान उघड झालं, त्या गावच्या कोर्टाला तो दावा ऐकता येतो. मद्रासला यातलं काहीच घडलेलं नाही, तेव्हा छापील अट दाखवून कंपनी माणसाला तिकडं ओढून नेऊ शकत नाही. फक्त उदगीरला कंपनीची शाखा आहे, हे सिद्ध व्हायला हवं.

मला ते ऐकून हसू आलं. मी म्हटलं, यात सिद्ध काय करायचं, मी शाखेतच तर बसते.

देवणीकरांनी कंपनीच्या उत्तराचा दुसरा कागद पुढं केला. त्यावर शपथेवर लिहिलं होतं : उदगीर येथे आमची शाखा नाही. कधीही नव्हती. तेथे एक कमिशन एजंट होता. तो मयत आहे.

तो मयत म्हणजे माझे अप्पा.

महिन्याभरात प्रसादराव साहेब स्वतः आले. माणूस वाईट नव्हता. अप्पांना मानायचा. आईसाठी त्यांनी हैदराबादची मोत्याची कुडी आणली होती, आणि मोडक्या मराठीत मला म्हणाले, रत्ना बेटी, एका सहीचं काम आहे. कागदावर लिहिलं होतं की मी एजंटची मुलगी असून वडिलांच्या मागे एजन्सी सांभाळते, कंपनीची नोकर नाही. ही सही केली की लातूरच्या शाखेत पक्की नोकरी, नेमणुकीच्या पत्रासकट. ते पत्र टाईप करून त्यांनी सोबतच आणलं होतं. मला दाखवलं. माझं नाव बरोबर लिहिलं होतं, निडवंचे, नेहमीसारखं निवडुंगे नाही.

पाच वर्षं मी त्याच कागदाची वाट बघत होते. मी एक दिवस मागून घेतला.

संध्याकाळी आई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी शेजारी बसून सगळं सांगितलं. लातूर काही लांब नाही, असंही म्हटलं. आईनं सोललेल्या शेंगांची टरफलं बाजूला सारली.

"कर की सही," ती म्हणाली. "पण मग अप्पा वीस वर्षं रोज सकाळी कुठं जात होते, ते तेवढं मला सांग."

दुसऱ्या दिवशी मी प्रसादरावांना म्हटलं की साहेब, एवढं मला जमायचं नाही. ते चिडले नाहीत. दोन्ही कागद बॅगेत घातले, इस्माईलभाईंच्या हातचा चहा घेतला आणि गेले.

मग देवणीकरांनी मला साक्षीला बोलावलं. उदगीरच्या कोर्टात मी दीड तास उभी होते. ऑफिसच्या किल्ल्या कुणाच्या, रोजचा हिशेब-अहवाल कुठं जातो, अप्पांना लातूरहून कुणी पाठवलं, सगळं सांगितलं. कंपनीच्या वकिलांनी उलट विचारलं की नेमणुकीचं पत्र आहे का. नाही. गोदामाचा भाडेकरार कुणाच्या नावे? अप्पांच्या. शाखा असा शब्द असलेला कंपनीचा एक तरी कागद तुमच्याकडे आहे का? शिक्क्यावर कंपनीचं नाव होतं आणि खाली नुसतं उदगीर. पत्रांवरही नुसतं उदगीर. मी म्हटलं, नाही.

न्यायाधीशांनी तरीही माझ्यावर विश्वास ठेवला. दावा उदगीरलाच चालेल, असा आदेश झाला. कंपनी लगेच हायकोर्टात गेली, औरंगाबादच्या खंडपीठात. त्यात आणखी वर्ष गेलं. दरम्यान जयहिंद बँडनं देगलूरच्या एका बँडचे जुने बाजे भाड्यानं आणून दोन लग्नसराया काढल्या. माझी नोकरी चालूच होती. हैदराबादहून फोन यायचे, आधीसारखे, फक्त प्रसादराव आता बेटी म्हणत नसत.

१९९९च्या फेब्रुवारीत हायकोर्टातली तारीख लागली. तिथं साक्षीदार लागत नाहीत, देवणीकरांनी सांगितलं होतं. पण गुंडाजी मास्तर ऐकेनात. म्हणाले, अक्का समोर बसल्या की मला धीर राहतो. मी हैदराबादला तीन दिवसांच्या रजेचा अर्ज केला आणि कारण म्हणून खरं कारण लिहिलं. दुसरं काही सुचलंच नाही.

अर्जाचं उत्तर शनिवारी आलं. रजिस्टर पत्र होतं. माझी रजा नामंजूर झाली होती आणि नोकरीही संपली होती. एक तारखेला माणूस येईल, त्याच्याकडे किल्ल्या द्या. मी पत्र पुन्हा पाकिटात घातलं आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं. कुणालाच सांगितलं नाही. आईला सांगितलं असतं तर तिचं जेवण तुटलं असतं. आणि मास्तरांना सांगायचं म्हणजे, तुमच्या बाजांपायी माझं असं झालं, हे त्यांच्या तोंडावर म्हणण्यासारखं होतं.

सोमवारी आम्ही तिघं एसटीनं औरंगाबादला गेलो. देवणीकर आयुष्यात पहिल्यांदाच हायकोर्टात उभे राहणार होते. मंगळवारी सकाळी लॉजवर त्यांच्या लक्षात आलं की वकील गळ्याला जी पांढरी पट्टी लावतात, ती घरीच राहिली. तिला वकील मंडळी बँड म्हणतात. देवणीकर लॉजच्या जिन्यात उभे राहून हताशपणे म्हणाले, बँड विसरलो. मास्तर म्हणाले, साहेब, मी इथंच आहे. शेवटी कोर्टाच्या आवारातल्या एका ओळखीच्या कारकुनाकडून ती पट्टी मिळाली.

आमचं प्रकरण साडेअकराला पुकारलं. कंपनीचे वकील मुंबईहून आले होते, बोलणं लोण्यासारखं. प्रसादराव त्यांच्या मागच्या खुर्चीवर होते. मला बघून त्यांनी मान खाली घातली. इंग्रजीत चाललेलं सगळं मला समजत नव्हतं, पण मी बी. कॉम. झालेली, मुद्दा समजत होता. उदगीरला शाखा नाही. कधीच नव्हती. ज्या बाईची साक्ष आहे तिच्याकडे कागदाचा एक तुकडा नाही. शाखाच नसेल तर उदगीरच्या कोर्टाचा संबंध काय, आणि अट मान्य करून माल पाठवल्यावर मद्रासला जायला हरकत काय?

न्यायमूर्ती वयस्कर होते, हळू बोलणारे. त्यांनी देवणीकरांना विचारलं की कंपनीच्या हातचा, शाखा म्हणणारा काही कागद आहे का. देवणीकर म्हणाले, साक्ष आहे, माय लॉर्ड. न्यायमूर्तींनी मान हलवली. म्हणाले, साक्ष वाचली मी, दुपारी पुढं ऐकू.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही बाहेर कडुनिंबाखाली बसलो. मास्तरांनी घरून आणलेली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी सोडली. देवणीकर जेवेनात.

"एक कागद," ते म्हणाले. "कंपनीच्या हातचा एकच कागद असता ना, रत्नाबाई."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. कंपनीनं माझ्या नोकरीबद्दल आजवर एकच कागद मला दिला होता. आणि तो माझ्या पर्समध्ये होता. शनिवारी मी तो इतक्या घाईनं मिटला होता की त्यातले शब्द नीट बघितलेही नव्हते. मी हात धुतला, पाकीट काढलं आणि त्या दोघांसमोर वाचलं. तुमचा रजेचा अर्ज नामंजूर करण्यात येत आहे. आमच्या उदगीर शाखेतील तुमची सेवा या पत्राद्वारे समाप्त करण्यात येत आहे.

आमच्या उदगीर शाखेतील. खाली प्रसादरावांची सही, मोठी, वळणदार.

देवणीकरांनी माझ्या हातून पत्र घेतलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि एवढे हसायला लागले की शेजारच्या झाडाखालचे वकील बघायला लागले. मास्तर मात्र हसले नाहीत. त्यांना एवढंच कळलं होतं की माझी नोकरी गेली.

"वकीलसाहेब," ते म्हणाले, "केस मागं घ्या."

देवणीकर हसायचे थांबले.

"आत्ता जाऊन सांगा जज्जसाहेबांना. आमची तक्रार नाही म्हणावं. साहेब बसलेत आत, अक्काला परत घ्या म्हणून मी पाया पडतो त्यांच्या. पितळेच्या नळ्या आहेत ओ त्या. ठोकून ठोकून सरळ करू."

मी म्हटलं, "मास्तर, ते म्हणतात माझा बाप तिथं नोकरीला नव्हता. हे तुमच्या बाजांवर असतं तर मी पण म्हटलं असतं, सोडा. मला नाही सोडायचं."

 मास्तरांनी भाकरीचा अर्धा तुकडा माझ्या हातात दिला. "मग जेवा तरी," म्हणाले.

दुपारी देवणीकरांनी ते पत्र पुढं ठेवायची परवानगी मागितली. कंपनीच्या वकिलांनी हरकत घेतली की खालच्या कोर्टात हा कागद नव्हता. देवणीकर म्हणाले, कसा असेल, तो गेल्या आठवड्यात जन्मला आहे. न्यायमूर्तींनी पत्र वाचलं. सावकाश, दोनदा. मग त्यांनी ते मुंबईच्या वकिलांकडे पाठवलं आणि सही तुमच्याच अशिलाची आहे का, एवढं विचारलं. वकिलांनी मागं वळून प्रसादरावांकडे बघितलं. प्रसादराव उभे राहिले आणि खोटं बोलले नाहीत. सही माझी आहे, म्हणाले.

न्यायमूर्ती मग मराठीत बोलले, कदाचित आम्हाला कळावं म्हणून.

"जी शाखा नाही, तिथली नोकरी तुम्ही संपवली कशी?"

कोर्टात कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. मुंबईच्या वकिलांनी फाईल मिटली. न्यायमूर्तींनी तिथंच निकाल सांगायला सुरुवात केली आणि लघुलेखक भराभर उतरवू लागला. पेट्या मेरठला भरल्या गेल्या, उदगीरला चेपलेल्या निघाल्या. मद्रासला कंपनीचं मुख्य ऑफिस आहे, याखेरीज या प्रकरणातलं तिथं काही घडलेलं नाही. उदगीरला कंपनीची शाखा आहे, नुकसान त्या शाखेत उघड झालं, तेव्हा दावा उदगीरच्या न्यायालयातच चालेल. छापील अटीनं ज्या कोर्टाचा संबंधच नाही त्याला अधिकार देता येत नाही. कंपनीचा अर्ज फेटाळला.

बाहेर आल्यावर मास्तरांनी देवणीकरांचे दोन्ही हात धरले आणि विचारलं की मग नवे बाजे कधी मिळणार. देवणीकर जरा अवघडले. त्यांनी समजावलं की बाजांबद्दल अजून कुणी काही बोललेलंच नाही, खटला कुठं चालवायचा एवढंच आज ठरलं. तो सुरू आता होईल.

मास्तर म्हणाले, "म्हणजे दोन वर्षं भांडून मांडव कुठं घालायचा ते ठरलं. नवरी अजून बघायचीच आहे."

"तसंच," देवणीकर म्हणाले.

"मांडव आपल्या दारात पडला ना? मग होतंय लग्न," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी आम्हाला गुलमंडीवर नेऊन इम्रती खाऊ घातली.

लग्न झालंच. उदगीरच्या कोर्टात पहिल्या तारखेला जयहिंद बँडची अकरा माणसं येऊन बाकावर बसली, आणि दुसऱ्या तारखेच्या आधी कंपनीनं तडजोड केली. मेरठहून नवा सेट आला. या वेळी ट्रकसोबत कंपनीचा माणूस होता. माझ्यासाठीही प्रसादराव पुन्हा आले. कारण शाखा आहे असं हायकोर्टानंच म्हटल्यावर तिथल्या नोकराला एका ओळीच्या पत्रानं काढता येत नाही, हे त्यांच्या वकिलांनी त्यांना समजावलं असणार. नेमणुकीचं पत्र त्यांनी स्वतः टेबलावर ठेवलं. हुद्दा : शाखाप्रमुख, उदगीर. नेमणुकीची तारीख त्या दिवसाची होती. मी ती दुरुस्त करून मागितली, अप्पा गेले त्या महिन्याची. त्यांनी पेन काढलं, खोडलं, नवी तारीख घातली आणि शेजारी सही केली. मग म्हणाले, तुझे अप्पापण असेच हट्टी होते. त्यानंतर आणखी एकोणीस वर्षं मी अप्पांच्या त्या खुर्चीवर काढली.

पण निकालाची प्रत आली ती या सगळ्याच्या आधी. हायकोर्टातून परत आल्यावर दोन-तीन आठवड्यांनी देवणीकरांनी ती घरी पाठवली होती, सहा पानं, इंग्रजीत. नोकरी गेल्याचं मी आईला औरंगाबादहून आल्या आल्याच सांगितलं होतं. तिला ते शनिवारीच कळलं होतं. आधी पोस्टमननं सांगितलं होतं की हैदराबादचं रजिस्टर आहे, आणि मग माझा चेहरा. मी सांगायची ती वाट बघत होती.

त्या दुपारी मी तिला निकाल मराठीत करून वाचून दाखवला. कायद्याचं तिनं सोडून दिलं. चौथ्या पानावर एक वाक्य होतं. मी ते वाचलं : 'साक्षीदाराचे वडील, कै. शिवलिंगप्पा निडवंचे, हे १९७१ पासून मृत्यूपर्यंत प्रतिवादी कंपनीच्या उदगीर शाखेचे प्रमुख होते, आणि त्यांच्या पश्चात साक्षीदार रत्नप्रभा त्या शाखेचे काम पाहते, यावर अविश्वास ठेवण्याचे कारण दिसत नाही.'

आईनं मला ते परत वाचायला सांगितलं. मग आणखी एकदा, सावकाश. अप्पांचं नाव आलं की ती मान हलवायची, बरोबर आहे असं दाखवल्यासारखी. मग तिनं ती पानं मांडीवर घेतली, इंग्रजी येत नसतानाही बोट फिरवत त्या ओळीवरून गेली आणि विचारलं, नाव नेमकं कुठं आहे. मी दाखवलं. माझं कुठं, तेही दाखवलं.

तिनं पान उलटून पुढचं बघितलं. मग मागचं.

"आणि माझं?" ती म्हणाली.

"तुझं कशाला असेल, आई?"

"अप्पांचा डबा, तुझा डबा, इस्माईलचा डबा, लातूरहून तपासणीला साहेब आले की त्यांचं जेवण. प्रसादरावला पहिल्यांदा भाकरी खायला मी शिकवली." तिनं चष्मा काढला. "जज्जसाहेबांना हे कुणी सांगितलं नाही?"

 मी पेन आणलं आणि चौथ्या पानाच्या समासात, अप्पांच्या नावाच्या खाली, बारीक अक्षरात लिहिलं : व श्रीमती गंगाबाई. आईनं ते निरखून पाहिलं, ठीक आहे म्हणाली आणि चहा टाकायला उठली.